पुरावा नसलेला सांधा

कायदा माणसाच्या बाबतीत उदार असतो. गुन्हा सिद्ध होत नाही तोवर माणूस निर्दोष. अमेरिकन नौदलाच्या पाणबुडीतल्या पाइपाच्या नशिबी हे औदार्य नाही. तो धड आहे याचा पुरावा हातात येईपर्यंत तो वाईटच धरला जातो. दिसायला चकचकीत असला तरी, बसवणारा कारागीर कितीही मुरलेला असला तरी.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात साधारण उलटं चालतं: कुणाची तक्रार आली नाही, म्हणजे चालतंय. म्हणूनच हा नियम वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. तो आला कुठून, ते आधी सांगतो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात किटरी इथे पोर्ट्समथ नौदल गोदी आहे. तिथे २८ मे १९५८ रोजी 'थ्रेशर' या अणुपाणबुडीची बांधणी सुरू झाली. ९ जुलै १९६० रोजी ती पाण्यात उतरली आणि ३ ऑगस्ट १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. आधीच्या पाणबुड्यांपेक्षा ती अधिक शांत होती आणि अधिक खोल जाऊ शकत होती. वर्षभर चाचण्या झाल्यावर ती दुरुस्तीसाठी गोदीत परतली आणि जवळपास नऊ महिने तिथेच होती. १० एप्रिल १९६३च्या सकाळी केप कॉडच्या पूर्वेला सुमारे ३५० किलोमीटरवर ती खोलीच्या चाचणीसाठी खाली गेली. वर 'स्कायलार्क' नावाचं सोबतीचं जहाज होतं. त्याला निरोप आला, तो असा: किरकोळ अडचण आहे, नाक वर आहे, टाक्यांतलं पाणी हवेने बाहेर ढकलायचा प्रयत्न चालू आहे. पुढचे शब्द तुटक होते, आणि मग काहीच नाही. १२९ माणसं गेली. पाणबुडीचे तुकडे सुमारे २,६०० मीटर खोल सापडले.

आता सांध्यांकडे येऊ. समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांचे बरेच जोड चांदीमिश्रित धातू वितळवून केलेले होते. असा जोड बाहेरून व्यवस्थित दिसतो. धातू आतपर्यंत पोहोचलाय का, हे डोळ्यांना कळत नाही. गोदीतल्या त्या शेवटच्या मुक्कामात अल्ट्रासाऊंडने, म्हणजे सोनोग्राफीत असतात तशा ध्वनिलहरींनी, १४५ जोड तपासले. त्यांतले सुमारे १४ टक्के निकषाखाली निघाले. समुद्राचा पूर्ण दाब सोसणारे असे जोड पाणबुडीत सुमारे तीन हजार होते. उरलेले तपासायचे, तर पाणबुडी आणखी रखडणार होती. तपासणी तिथेच थांबली.

इथवर गोष्ट सरळ वाटते: कामचुकारपणा झाला, माणसं मेली. पण गोष्ट तशी सरळ नाही. चौकशी समितीने जोड फुटून इंजिनरूममध्ये पाणी शिरलं असावं, असा निष्कर्ष काढला. मात्र त्या दिवशीच्या पाण्याखालच्या ध्वनिनोंदी अभ्यासलेल्या एका जाणकाराच्या मते आधी वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्यामुळे अणुभट्टी बंद पडली. म्हणजे जोडांचा या दुर्घटनेशी संबंध नसण्याचीही शक्यता आहे.

मग तपासणी थांबवणाऱ्यांचा दोष कमी होतो का?

तत्त्वज्ञानात याला 'नैतिक नशीब' म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६मध्ये ही चर्चा रंगवली. दोघे दारू पिऊन गाडी चालवतात. एकाच्या समोर पोर येतं, दुसऱ्याचा रस्ता रिकामा असतो. कृत्य तेच, पण एकाला आपण खुनी ठरवतो आणि दुसऱ्याला बेजबाबदार म्हणून सोडून देतो. मला वाटतं, 'थ्रेशर'च्या बाबतीत दोषाला दुर्घटनेच्या कारणाची वाट पाहायची गरज नाही. जोड शेवटपर्यंत टिकले असते, तरी तपासणी थांबवण्याचा निर्णय तितकाच चुकीचा ठरतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. सगळंच तपासत बसलं, तर कुठलीच पाणबुडी गोदीबाहेर पडणार नाही. शिवाय ही माणसं निष्काळजी नव्हती. त्या १२९ जणांत १७ नागरी तंत्रज्ञ होते आणि त्यांतले बरेच त्याच गोदीत काम करणारे. आपल्या गोदीने दुरुस्त केलेल्या पाणबुडीतून ते स्वतः खाली गेले. याला बेपर्वाई कसं म्हणणार?

माझं उत्तर असं: माहीत नसणं वेगळं आणि कळल्यावर थांबणं वेगळं. पहिला जोड तपासण्याआधी गोदीकडे अज्ञानाची सबब होती. १४५व्यानंतर ती उरली नाही. शंभरात चौदा हा आकडा कळला की उरलेले जोड न तपासणं हाही एक निर्णय होतो.

पण या उत्तरात एक खोच आहे. कळल्याने जबाबदारी येत असेल, तर शहाणा माणूस तपासणारच नाही! टेस्ट लिहिली नाही, तर टेस्ट फेल होत नाही. जो जास्त शोधतो तोच जास्त दोषी, असा उफराटा न्याय होतो. आयटीतल्या कुणालाही हा मोह नवा नाही.

१९६३मध्येच नौदलाने सुरू केलेल्या 'सबसेफ' या व्यवस्थेने ही खोच नेमकी हेरली. पुरावा नसणं हाच दोष ठरवला. त्यामुळे अज्ञान ही लपायची जागा राहिली नाही. आणि 'सगळं कसं तपासणार' याचंही उत्तर दिलं: सगळं नाही. पाणी आत येऊ न देणारं आणि पाणबुडीला वर आणणारं जे काही आहे, तेवढं. तिथे तडजोड नाही. १९१५ ते १९६३ या काळात अमेरिकन नौदलाने लढाईबाहेर १६ पाणबुड्या गमावल्या. त्यानंतर एकच बुडाली, १९६८मध्ये 'स्कॉर्पियन', आणि तिला 'सबसेफ' प्रमाणपत्र नव्हतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कामात कुणी बुडत नाही. तरी प्रत्येक कामात असे दोन-चार जोड असतातच: पैसे वळते करणारा कोड, औषधाचा डोस मोजणारं सूत्र, पुलाचा एखादा बोल्ट. ते कोणते, हे डेडलाइन नसताना ठरवावं. डेडलाइन आली की प्रत्येक जोड धडच दिसतो.