ऋण कुणाचे?

बाळंतपणाच्या दुखण्यातून उठलेल्या बाईला ‘पुनर्जन्म झाला’ म्हणण्याची आपली रीत आहे. १९९४ साली मला बाळंतज्वर झाला, तेव्हा हे शब्द मीही पुष्कळ ऐकले. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, शुद्ध हरपली. शिरेतून दिलेल्या औषधांनी आठवड्याभरात तो उतरला. भेटीला येणारी वडीलधारी मंडळी म्हणत, “दैव बलवत्तर, पोरी!” त्यांतली माया मला कळत होती. तथापि एक प्रश्न मनात राहिलाच. मी दैवाने वाचले, तर ज्या वाचल्या नाहीत त्या काय दैवानेच गेल्या?

पाचवीच्या रात्री आपण सटवीपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. ती येऊन बाळाचे कपाळ लिहून जाते म्हणतात. बाळंतज्वराचा घालाही बहुधा याच पहिल्या दहा दिवसांत पडतो. तेव्हा आईचे भवितव्यही तीच लिहीत असेल, असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळातला जुना हिशेब निराळेच सांगतो. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४६ साली सुईणींच्या विभागात शेकडा २.८ बायका दगावल्या. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात शेकडा ११.४. एकाच इस्पितळात दैव असा भेदभाव कशाला करील? इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने कारण हुडकले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुन्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि १८४८ साली त्या विभागातले मृत्यू शेकडा सव्वावर आले.

तरीही अनेक नामवंत डॉक्टरांना ते पटले नाही. ही माणसे दुष्ट नव्हती. उपकार करायला निघालेला आपलाच हात मृत्यू घेऊन गेला, हे सज्जनाने कसे सोसावे? अशा वेळी ‘दैव’ हा शब्द फार सोयीचा पडतो. तो शोक करणाऱ्याचे सांत्वन करतो आणि हातांनाही मोकळे सोडतो. त्या सांत्वनाची किंमत मात्र शेजारच्या खाटेवरची बाई देते.

म्हणून मला ॲबर्डीनचा अलेक्झांडर गॉर्डन फार मोठा वाटतो. सेमेलवाइसच्याही आधी, १७९५ साली, हा ज्वर डॉक्टर आणि सुईणी यांच्यामार्फत पसरतो हे त्याने नोंदींनिशी दाखवले. आणि तो पसरवणाऱ्यांत आपणही होतो, असे स्वतःच छापून सांगितले. लोकांचा रोष ओढवून त्याला ते गाव सोडावे लागले. दोष आणि जबाबदारी यांतले अंतर त्याच्याकडून शिकावे. हेतू शुद्ध असेल तर माणसाला अपराधी म्हणू नये, हे खरे. पण हेतू शुद्ध असल्याने हात शुद्ध होत नाहीत.

देवीपुढे नारळ ठेवला की दैवाचे ऋण फिटते. या माणसांचे तसे फिटत नाही. ते फेडायचे, तर कुणी बाळंतीण दगावली म्हणजे ‘तिच्या नशिबी नव्हते’ म्हणून गप्प न राहता, नेमके काय घडले ते विचारावे लागते. शोकाच्या घरात असे विचारणे कठोर वाटते खरे. पण पुढच्या बाळंतिणीचा जीव त्या प्रश्नावरच तगतो.