शरद आणि कचेरी

कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्षाकडे आपण विरहाने झुरणारा प्रियकर म्हणून पाहत आलो आहोत. परंतु ज्याचे अर्धेअधिक आयुष्य महसुली कचेरीत गेले आहे त्याच्या नजरेला तो प्रथम दिसतो तो कामात कसूर केल्याबद्दल वर्षभराकरिता दूरच्या ठाण्यावर रवाना केलेला एक अंमलदार म्हणून. घरच्या ओढीपायी त्याच्या हातून धन्याच्या सेवेत चूक झाली, असे परंपरा समजते. धनी साक्षात कुबेर, म्हणजे खजिन्याचा अधिपती. त्या खात्यात सबब ऐकून घेण्याची चाल तेव्हाही नसावी. वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी, त्याला जेथे धाडले तो रामगिरी म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेकच असे साधार प्रतिपादन केले असल्यामुळे, ही शिक्षेची बदली महाराष्ट्रातच झाली होती असेही म्हणावयास हरकत नाही. कुबेराने दिलेल्या या शापाची मुदत संपते ती कार्तिकात, विष्णू शेषशय्येवरून उठतो त्या प्रबोधिनी एकादशीला. तोवरचे चार महिने कसेबसे काढावेत आणि साठवून ठेवलेल्या साऱ्या इच्छा मग शरदाच्या चांदण्या रात्रींत पुरवून घ्याव्यात, असा निरोप तो पत्नीला धाडतो. काव्य म्हणून हा निरोप अनुपम आहे यात संशय नाही. पण जगण्याची रीत म्हणून तो घातक आहे, आणि घर व नोकरी यांच्या कात्रीत सापडलेली आजची बहुसंख्य माणसे नेमकी हीच रीत पाळीत असतात. तपासणी आटोपली की, मुलांची परीक्षा संपली की, बढती पदरात पडली की, आणि अखेर सेवानिवृत्तीचा हुकूम हातात आला की मग पाहू, असे म्हणत त्यांचा प्रत्येक शरद पुढील शरदाच्या नावे शिलकी टाकला जातो.

या रीतीच्या मुळाशी एक समजूत आहे. ऋतूचे सुख हे फुरसतीचे सुख होय, आणि फुरसत नसेल तर त्याची अपेक्षा करणे हा अप्पलपोटेपणा होय, अशी ती समजूत. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर तिला इतिहासाचा काडीचाही आधार नाही. आपल्याकडे आश्विन-कार्तिक हे दोन महिने कधीही रिकामटेकडे नव्हते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठ्यांच्या फौजा मुलूखगिरीस निघत, कारण पावसाळा सरून वाटा मोकळ्या झालेल्या आणि नद्यांना उतार मिळालेला असे. व्यापाऱ्याच्या वह्यांचे पूजन लक्ष्मीपूजनाला आणि नव्या खात्याचा आरंभ बलिप्रतिपदेला. म्हणजे सालअखेरची सारी धांदल दिवाळीच्या तोंडाशी. एप्रिल ते मार्च हे सरकारी साल तर इंग्रजांनी 1867 मध्ये आपल्या मायदेशीच्या हिशेबाशी जुळवून इकडे लागू केले. शेतकऱ्याची खरिपाची कापणी, मळणी आणि रब्बीची पेरणी या गोष्टी ज्या महिनाभरात एकमेकींच्या अंगावर येऊन कोसळतात, त्याच महिनाभरात आपल्या पूर्वजांनी नवरात्र, कोजागिरी, वसुबारस, भाऊबीज अशी सणांची सर्वांत दाट रांग लावून ठेवली. ते सण फुरसतीसाठी थांबले असते, तर या देशात कोणी दिवा लावला नसता.

महसूल खात्यात तर हा ऋतू म्हणजे श्वास घ्यावयास सवड नसलेला काळ. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे पीक किती उतरेल याचा सरकारी आकडा, सप्टेंबरात, सुधारित ऑक्टोबरात आणि अंतिम डिसेंबरात अशी शिडी ठरलेली असते. पन्नास पैशांच्या आत की बाहेर या एका आकड्यावर गावाच्या सवलती अवलंबून असल्याने गावकऱ्यांचे आणि पुढाऱ्यांचे डोळे त्या कागदाकडे लागलेले असतात. पीक कापणी प्रयोगांच्या तारखा सांभाळाव्यात, तोच परतीचा पाऊस कापून ठेवलेल्या सोयाबीनवर येऊन पडतो आणि पंचनाम्यांचे हुकूम सुटतात. पाऊस मुंबईतून सामान्यतः ऑक्टोबरच्या आठ तारखेच्या सुमारास माघार घेतो असे हवामान खाते सांगते. मात्र जाता जाता तो किती मिसली वाढवून जाईल याचा अंदाज कोणतेही खाते देऊ शकत नाही. वर आभाळ धुऊन काढल्यासारखे निरभ्र, खाली जमीन ओली, वारा पडलेला, आणि त्या दमट उकाड्यात तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सारे बांधाबांधाने हिंडत असतात. हेच ते शरदाचे दिवस, ज्यांचे वर्णन ऋतुसंहाराच्या तिसऱ्या सर्गात कमळे आणि हंस यांच्या संगतीने आले आहे. आमच्या वाट्याला हंसाऐवजी बगळे येत. पण त्यामुळे फारसे बिघडत नसे.

कारण या काळात जी सुखे मी अनुभविली ती सगळी याच धावपळीच्या पोटातली होती, बाहेरची नव्हेत. कापणी प्रयोगासाठी शेताचा तुकडा आखून होईपर्यंत बांधावर उभे राहावे लागे. तेवढ्या अवधीत कुणी नुकताच उपटलेला भुईमुगाचा डहाळा हातात आणून देई. शेंगेचे टरफल अजून ओले, पांढुरके, नखाने दाबताच फुटणारे, आतल्या दाण्याला दुधासारखी गोडी, आणि बोटांना चिकटलेली लाल माती पुढे दिवसभर कागदांच्या कडांवर उमटत राही. परतीच्या वाटेवर उतारांवरच्या सोनकीचा पिवळा रंग, वाळत चाललेल्या गवताचा उबदार वास, रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. घरी आल्यावर नव्या तांदळाचा मऊ, किंचित चिकट भात. यांतील कशासाठीही रजेचा अर्ज करावा लागला नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' 1956 साली प्रसिद्ध झाले, त्याला आता कित्येक वर्षे लोटली. तरी त्या पुस्तकाने मराठी वाचकाला जे शिकविले ते अजून पुरते अंगवळणी पडलेले नाही, आणि ते असे की ऋतू पाहण्यासाठी कोठे जावे लागत नाही, जेथे आहोत तेथे लक्ष द्यावे लागते. आज शरदाचे सुख म्हणजे कासच्या पठारावर गाडी उभी करण्यासाठी जागा शोधणे, अशी एक कल्पना शहरांत रूढ होत आहे. पठार सुंदर आहे, परंतु दाराशी प्राजक्ताचा सडा पडलेला असता तो तुडवून त्या गाडीत बसणाऱ्याची मला कीव येते.

हे म्हणणे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून मी एका पदार्थाचा दाखला देते. दिवाळीच्या फराळात चकली, लाडू, चिवडा हे एका लांबलचक रात्रीत उरकता येतात. अनारसा येत नाही. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावयाचे, पाणी रोज बदलावयाचे, चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरावयाचे, आणि पुरते सुकण्याआधी, अंगी थोडी ओल असतानाच कुटून चाळावयाचे. मग त्यात वजनाला वजन किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे डब्यात बंद करावयाचे, आणि निदान चारपाच दिवस त्यांच्याकडे पाहावयाचे नाही. पुढे खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता मंद आचेवर तळावयाचे. पीठ बिघडले असेल तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, आणि तो हसू लागला की घरातील इतरांना हसण्याची सोय राहत नाही. या साऱ्या खटाटोपात एका बैठकीला लागणारा वेळ मोजला तर तो बहुतेक दिवशी पाच-दहा मिनिटांपलीकडे जात नाही; पण ती मिनिटे रोज लागतात, आणि सलग दोन दिवसांच्या सुट्टीचा येथे काही उपयोग होत नाही. आपल्या पूर्वीच्या गृहव्यवस्थेत ऋतूचे सुख असेच बारीक चकत्या करून रोजच्या कामांत मिसळलेले होते. आपण मात्र ते एकत्र गोळा करून सुट्टीच्या दिवशी एकदम उपभोगू पाहतो, आणि मग सुट्टीच्या संध्याकाळी थकून भांडतो.

येथवरचे विवेचन वाचून एखादा वाचक संतोषाने मान डोलावील. त्याला मी आता एक गैरसोयीचा प्रश्न विचारणार आहे. ते तांदळाचे पाणी रोज बदलले कोणी? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तीत घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा 97 मिनिटे, असे आढळले. हा पुरुषांचा आकडाही केवळ त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्यांचा आहे, आणि असे पुरुष होते शंभरांत जेमतेम 26, स्त्रिया 81. पाहणी पैशापाण्याची नव्हती, मिनिटांची होती, म्हणून तीत लपवाछपवीला फारशी जागा नाही. तेव्हा घर आणि नोकरी यांचा तोल सांभाळण्याचे जे उपदेश स्त्रीला केले जातात, पहाटे उठावे, कामांची यादी करावी, मन शांत ठेवावे, ते सारे मला ज्याच्यावर आधीच दुप्पट सारा बसविला आहे त्याला हप्ते बांधून देण्याच्या प्रकारातले वाटतात. मूळ आकारणी चुकीची आहे; तिच्यावर कोणी अपील करीत नाही.

जुना काळ याबाबतीत अधिक न्यायी होता, असे समजण्याचे कारण नाही. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरीत, त्या गाण्यांतून सासुरवासाच्या किती कहाण्या भरल्या आहेत हे ती गाणी आवडीने गुणगुणणाऱ्यांनी एकदा शांतपणे तपासावे. त्या समाजाने सासुरवाशिणीला शरदाचे सुख दिले ते दिवाळीला माहेरी धाडून. म्हणजे स्वतःच्या घरात तिला विसावा देण्याऐवजी घरच बदलून दिले, आणि त्या दुसऱ्या घरात तिच्या आईने कढईपाशी उभे राहावे अशी तजवीज केली. विधवेला त्या फेरात जागा नव्हतीच. आज माहेरची आईही पुष्कळदा नोकरी करणारी असते, त्यामुळे तो आडमार्गही बंद झाला आहे. बचतगटांकडून किंवा शेजारच्या गृहउद्योगातून फराळ विकत घेणाऱ्या गृहिणीला नाके मुरडली जातात, ती मुरडणारी नाके बहुधा कधी कढईवर वाकलेली नसतात. माझ्या मते विकतच्या फराळात काहीही उणे नाही. एका स्त्रीच्या कष्टांना त्यामुळे निदान मोबदला मिळतो. दिवाळी अंकाचे उदाहरण पाहा. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा मराठी घरांचे भूषण झाली आहे. पण अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपल्यावर आरामखुर्चीत तो अंक प्रथम कोणाच्या हाती असतो आणि उष्टी भांडी कोणाच्या, याची आठवण ज्याने त्याने आपल्या घरापुरती करून पाहावी.

फुरसत वाढविली की प्रश्न सुटेल, या म्हणण्याचीही परीक्षा होऊन गेली आहे. महाराष्ट्र सरकारने 29 फेब्रुवारी 2020 पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि त्याबदल्यात रोजचे काम पाऊण तासाने वाढविले. निर्णय मला मान्य आहे. परंतु माझ्या परिचयातील कितीतरी घरांत असे झाले की तो जास्तीचा शनिवार पुरुषाच्या खाती सुट्टी म्हणून जमा झाला आणि स्त्रीच्या खाती आठवड्याची थकबाकी वसूल करण्याचा दिवस म्हणून. वेळ हा घरात वाटून घेतला नाही तर वाढवून दिलेला वेळही जुन्याच पाटाने वाहत जातो.

आणि हा सगळा वाद ज्यांना मुळात परवडत नाही अशी माणसेही याच ऋतूत आपल्या डोळ्यांदेखत घर सोडीत असतात. दसरा उलटला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल एका कोयत्याची, हिशेब एका कोयत्याचा, म्हणजे बाईचे श्रम कागदावर वेगळे नोंदलेही जात नाहीत. फडावर पहाटेपासून ऊस तोडून ती खोपटात परतते तेव्हा चूल तिचीच वाट पाहत असते. त्यांचे सीमोल्लंघन खरे सीमोल्लंघन आहे, पण त्या मोहिमेतून सोने लुटून कोणी परतत नाही. कामाचा आणि घराचा तोल हा विषय सुशिक्षित नोकरदारांच्या चोचल्यांपैकी एक होऊ द्यावयाचा नसेल, तर कोयत्याच्या हिशेबात त्या दोघांची नावे स्वतंत्रपणे लिहिली जावीत, ही मागणी त्याच विषयाचा भाग मानली पाहिजे.

मध्यमवर्गाच्या घरांत मात्र यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. शरदाची बहुतेक सुखे अल्पखर्चाची आहेत आणि दारापर्यंत चालत येणारी आहेत; त्यांना अडथळा होतो तो नोकरीचा कमी आणि घरातील कामाच्या वाटणीचा अधिक, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. म्हणून पुरुष वाचकांना एक व्यावहारिक सूचना करते. अनारशाचे तांदूळ वसुबारसेच्या निदान आठ-दहा दिवस आधी भिजत घालावे लागतात. तेव्हा यंदाची ती तारीख पंचांगात आजच पाहून ठेवावी, आणि पाणी रोज स्वतः बदलावे.