थोडी घेतली तर काय बिघडतं?



लग्नाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या पार्टीत हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या हाती ग्लास आणि तोंडी संत पौल! पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असे त्याने तीमथ्याला सांगितलेच आहे ना? सांगितले आहे. पण तीमथ्य नुसते पाणी पिणारा होता आणि वरचेवर आजारी पडत असे. म्हणून त्याला 'थोडा घे' असे सांगावे लागले. आपल्या पार्टीत असे सांगण्याची गरज कुणाला आहे?

गंमत अशी की आपल्या राज्याचा कायदाही पौलाचीच भाषा बोलतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा जो परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून. आणि २०१९ पासून बाटलीवर छापावे लागते की मद्यपान आरोग्यास घातक आहे. खिशात एक, हातात दुसरे.

यातले खरे कोणते, यावर विज्ञानाला आता शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला तंबाखूच्या पंगतीला बसवले. पोटात गेलेल्या मद्यापासून असिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य बनते आणि ते पेशींना इजा करते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे, स्त्रियांचे स्तन, या सर्वांच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. अगदी निर्धोक असे प्रमाण सांगता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. देशी असो, वाइन असो की गोव्याहून आलेली 'चांगली' बाटली, आतला अल्कोहोल एकच.

मग हे कळूनही माणूस का पितो? सॉक्रेटिस म्हणे, जाणूनबुजून कुणी वाईट करीत नाही. ॲरिस्टॉटलला ते पटले नाही. मोहात सापडलेल्याचे ज्ञान त्याला झिंगलेल्या माणसाच्या पाठांतरासारखे वाटले : शब्द बरोबर, अर्थ हरवलेला. आम्हाला ॲरिस्टॉटल जवळचा वाटतो. ज्याला सवय जडली आहे त्याला बाटलीवरची ओळ पाठच असते. त्याला आपण उपदेश करतो आणि शनिवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर ग्लासही पुढे करतो. 'एवढ्यानं काय होतंय रं?' म्हणून चार पाहुण्यांत त्याची थट्टाही करतो. सोडलेल्या माणसाला हा आग्रह फार जड जातो. त्याची बायको भिंतीशी उभी राहून सगळे पाहत असते. पिणाऱ्याचे स्वातंत्र्य आपण मोठ्या तोंडाने सांगतो. नको म्हणणाऱ्याचे कोण सांगणार?

वेदीवरच्या द्राक्षारसाचे काय, असे कुणी विचारील. ज्या धर्मगुरूला मद्य अपायकारक आहे त्याला जवळजवळ न आंबलेला द्राक्षांचा रस, म्हणजे मुस्टम, वापरण्याची परवानगी बिशप देऊ शकतात. २००३ मध्ये रोमने तसे पुन्हा कळवले आहे. एका दुबळ्या माणसासाठी मिस्सेच्या प्याल्यातही सोय केली जाते.

येत्या लग्नसराईत यजमानांनी एवढे करून पाहावे : कोकम सरबत त्याच ट्रेमध्ये, तशाच ग्लासांतून फिरवावे. कुणी कुठला ग्लास उचलला, हे विचारू नये.