घाणीवर रंग फासणाऱ्या पोरा

तो रंगाचा डबा आधी खाली ठेव. काय चालवलंयस हे? गाडीच्या सीटवर रायगड उतरून आलेल्या पर्यटकांची लाल धूळ तशीच, दरवाज्याच्या पॅडवर तेलकट हातांचे ठसे, आणि तू म्हणतोस, ‘सर, आतून काळी केली की नवी दिसेल.’ दिसेल. आठ दिवस. मग कोपर घासतं तिथे पापुद्रे सुटतील, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग लागेल, आणि तू कंपनीच्या नावाने खडे फोडशील. माल भिकार नाही रे. तुझी तयारी भिकार आहे.

तुला कळत नसतं तर मी एवढा तापलो नसतो. जुलै 2021 मध्ये पुराचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, गाड्या बुडाल्या, तेव्हा सीटा खोलणारा तूच होतास ना? कार्पेट उचलून खालचा गाळ हातांनी उपसलास. वायरिंगचे सॉकेट एकेक सोडवून पुसलेस. फोम आतून सुकल्याशिवाय कव्हर चढवू नका, असं लोकांना ठणकावत होतास. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशी हात घालून बघ. ओलं लागतंय ना? एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली आहे. कुबट वास तिथून येतो. नळी साफ करायला असा किती वेळ लागतो? पण आग रामेश्वरी आणि तुझा बंब सोमेश्वरी!

डॅशबोर्डवर महिनोन्‌महिने काय चोळलंस? चकाकीचं पॉलिश. त्यात सिलिकॉन असतं. त्यावर रंग धरत नाही, बाजूला सरकतो, गोल खळगे पडतात. साबणाच्या पाण्याने धू, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, फडकं स्वच्छ निघेपर्यंत पूस. खालचं प्लास्टिक पॉलिप्रोपिलीनचं असेल तर पकड देणारा प्रायमर आधी मार. हे मी फळ्यावर लिहिलं होतं आणि तू वहीत उतरवलंही होतंस. कुठे आहे ती वही?

‘सर, 6 जूनला राज्याभिषेकाची गर्दी, वेळच नाही.’ एप्रिल गेला, मे सरत आला, गाडी अंगणात कडक उन्हात उभी. तेव्हा हात कुणी धरला होता? पातळ हात द्यायचे, पहिला सुकला की दुसरा. तुला मात्र एका दमात जाड थर ओतायचा आहे. ओघळ येतील, आणि सीटवर माणूस बसला की रेक्झिनवरचा थर तडकेल. पाऊस लागला की त्या ओल्या हवेत रंग धड सुकायचा नाही, पांढुरका पडेल.

आणि कालपासून नवीनच खूळ, ‘बेज करू का?’ काळ्या कापडाला डाय लावून फिकं कधी करता आलंय का? फिकट डॅशबोर्ड पुढच्या काचेत उमटतो. पाचाडच्या चढावर ऊन समोर आलं की रस्ता दिसणार आहे का तुला? सीट बेल्टला तर बोटभर रंग लावलास तरी याद राख! त्या पट्ट्यावर माणसाचा जीव असतो, रसायनाने धागा कमजोर होतो. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथली शिवण कव्हराने झाकायची नाही, हेही तुला ठाऊक आहे.

चिंतामणराव देशमुख 1896 साली याच नाते गावात जन्मले आणि 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे तू प्रत्येक पर्यटकाला अभिमानाने सांगतोस. मग त्या गावच्या पोराला एवढा हिशेब जमू नये? आज वाचवलेले दोन दिवस, आणि पावसाळ्यानंतर सगळा रंग खरवडून पुन्हा केलेला खर्च. मांड बघू कागदावर.

तुझ्या हातात कसब आहे. महाडात सीटा खोलणारे पुष्कळ असतील, पण कार्पेटखालचा शेवटचा चिखल निघेपर्यंत न उठणारा मी तुलाच पाहिलं. तो मुलगा कुठे गेला?

उद्या सकाळी सीटा खोलून उन्हात मांड. नळी मोकळी कर. कार्पेट सुकलं की मला हाक मार. तोवर डबा माझ्याकडे राहील.