अंदाज आणि उत्तरदायित्व

विजयादशमीस सीमोल्लंघन करण्याची मराठ्यांची चाल केवळ धार्मिक नव्हती. पाऊस सरला, नद्यांना उतार पडला, वाटा वाळल्या, कीं फौज बाहेर काढावयाची, हें त्यांतील व्यवहारज्ञान होय. परंतु ऋतूचें ज्ञान सर्वांचेंच असतें. त्यावर विसंबून निघालेल्या मोहिमेवर अवकाळी पाऊस कोसळला, तर दोष दैवाच्या माथीं मारतां येई. हवामानशास्त्र उद्यांचें आकाश आज वाचूं लागल्यावर तो दोष कोणाकडे जातो?

सन १९४४ मधील नॉर्मंडीच्या स्वारीचें उदाहरण घेऊं. हवाई सैनिकांस चांदणें आणि होड्यांस पहाटेची ओहोटी, हा योग महिन्यांत मोजकेच दिवस जुळत होता. त्यांतील ५ जून हा दिवस ठरला. हवामानतज्ज्ञांत मात्र दुमत होतें. कांहींजण तो दिवस अनुकूल म्हणत, कांहीं वादळाचा इशारा देत. मुख्य सल्लागार स्टॅग यांनीं प्रतिकूल मत दिलें व सरसेनापति आयझेनहॉवर यांनीं स्वारी लांबणीवर टाकली. नंतर ४ तारखेच्या रात्रीं स्टॅग यांनीं ६ तारखेस थोडी उघडीप मिळेल असें सांगितलें. तेवढ्या आधारावर सुमारें दीड लाख सैनिक धाडण्यांत आले.

अंदाज बहुतांशीं खरा ठरला. तरीही ओमाहा किनाऱ्यासमोर खोल पाण्यांत सोडलेले बहुतेक तरंगते रणगाडे लाटांनीं बुडाले. उलटपक्षीं, ओहोटीचा पुढचा योग १९ जूनच्या सुमारास होता, आणि नेमकें त्याच दिवशीं भयंकर वादळ सुरू झालें. परंतु ६ तारखेस हें कोणास ठाऊक होतें? तेव्हां निर्णयाची योग्यता केवळ फलावरून ठरवितां येत नाहीं.

दैवाची जागा आतां शास्त्रज्ञास देऊन मोकळें होण्याचा मोह सेनापतीस होऊं शकतो. आयझेनहॉवर यांनीं तो टाळला. स्वारी फसल्यास दोष आपल्या एकट्याचा, असें टिपण त्यांनीं आधींच लिहून ठेवलें होतें. शास्त्र संभव सांगतें, आज्ञा देत नाहीं. आपल्या ज्ञानांतील संशय धन्याच्या मर्जीसाठीं न लपविणें हा शास्त्रज्ञाचा धर्म; आणि तो संशय ऐकून घेतल्यावर त्याच्या आड न दडणें हा आज्ञा देणाराचा. ज्याच्या शब्दावर दुसऱ्यांचे प्राण पणास लागतात, त्याचें ओझें ज्ञानानें हलकें होत नाहीं. उलट, अज्ञानाची सबब तेवढी त्याच्या हातून जाते.