जोडीदार नसलेला आकडा

लहान तुकडीचे कौतुक बहुधा तिच्या धाडसासाठी होते. मला तिच्या रचनेचे अधिक वाटते. अमेरिकन स्पेशल फोर्सेसची मूळ तुकडी बारा जणांची. शस्त्रे, स्फोटके, वैद्यक, संदेशवहन या प्रत्येक विद्येचे जाणकार दोन-दोन. तुकडी दुभंगली तरी दोन्ही अर्धी आपापल्या बळावर लढत राहावीत, ही त्यामागची योजना. एकटा माणूस केव्हाही कमी पडू शकतो, हे इतक्या समंजसपणे मान्य करणारी व्यवस्था लष्करात असावी, याचे मला मोल वाटते.

१४ नोव्हेंबर २००१च्या रात्री अशीच एक तुकडी, क्रमांक ५७४, तालिबानविरोधी नेते हमीद करझाईंसोबत अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतात उतरली. कॅप्टन जेसन अमेरिन तिचे प्रमुख. लगोलग तिथल्या तारिनकोट गावाने तालिबानी सत्ता झुगारली आणि त्याला चिरडायला कंदाहारकडून गाड्यांचा मोठा ताफा निघाला. १७ तारखेला तो दृष्टीस पडताच सोबतचे अफगाण लढवय्ये गाड्या घेऊन माघारी पळाले. त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ धजत नाही. या परक्यांची ओळख जेमतेम दोन-तीन दिवसांची; त्यांच्या शब्दावर आणि उंचावरच्या विमानांवर भरवसा ठेवून आपली बायकापोरे पणाला कोण लावील? अमेरिन मात्र तसेच गाव सोडून गेले नाहीत. गावाच्या वेशीवरूनच त्यांच्या माणसांनी विमानांना लक्ष्ये दिली, ताफा मोडला, तारिनकोट वाचले. करझाईंच्या मागे लोक उभे राहू लागले ते त्यानंतर. मूठभर माणसांनी एका प्रांताचे मन वळवले, पण त्यांचे सामर्थ्य त्यांच्या हातातल्या बंदुकांत नव्हते. आकाशाला अचूक जागा सांगण्यात होते.

आणि तिथेच घात झाला. ५ डिसेंबरला, कंदाहारच्या उत्तरेस, हल्ल्याचे मार्गदर्शन करणाऱ्या सैनिकाने जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू होताना स्वतःच्या जागेचे आकडे दाखवते. वाट चुकलेल्याला आधी आपण कुठे आहोत ते कळावे, हा हेतू चांगलाच. तेच आकडे शत्रूचे म्हणून बी-५२ विमानाकडे गेले आणि दोन हजार पौंडांचा बॉम्ब नेमका त्या जागी आला. तीन अमेरिकन आणि कितीतरी अफगाण मारले गेले. करझाई किरकोळ जखमी झाले; त्याच दिवशी जर्मनीतल्या बॉनमध्ये त्यांची अफगाणिस्तानचे हंगामी प्रमुख म्हणून निवड झाली होती.

युद्धात साधी गोष्टसुद्धा कशी अडखळते, याला युद्धविचारवंत क्लाउझेवित्झने ‘घर्षण’ म्हटले. इथे काहीच अडखळले नाही, हे मला जास्त भयंकर वाटते. यंत्र, विमान, बॉम्ब, सगळ्यांनी आपापले काम बिनचूक केले. त्या सैनिकाला दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. वैद्याला जोडीदार होता, सुरुंग लावणाऱ्याला होता. आकाशाकडे जाणारा तो आकडा मात्र दुसऱ्या कुणी पडताळावा, अशी सक्तीची रीत तिथे असायला हवी होती.