पाठीवर पोरं खेळवणारा नर

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. काहींची वृषणं काढून टाकली, तर काहींची काढून पोटात दुसऱ्याच जागी रोवली. वृषण गमावलेले कोंबडे मंद झाले, त्यांचे तुरे वाढलेच नाहीत. ज्यांच्या पोटात ते पुन्हा रुजलं, ते मात्र आरवू लागले, माद्यांमागे धावू लागले, एकमेकांशी झुंजू लागले. रोवलेल्या वृषणाचा मूळच्या मज्जातंतूंशी संबंध तुटला होता. म्हणजे जे काही घडत होतं ते रक्तावाटे घडत होतं. रक्तातला हा पदार्थ म्हणजे टेस्टोस्टेरॉन. १९३५ मध्ये आम्स्टरडॅमला एर्न्स्ट लाकूर यांच्या चमूने बैलाच्या वृषणांतून तो वेगळा काढला.

या प्रयोगामुळे एक समज लोकांच्या मनात घट्ट बसला. संप्रेरक आत हुकूम सोडतं आणि नर तो बाहेर पाळतो: झुंज, वर्चस्व, मादीचा पाठलाग. पिल्लू सांभाळणं या यादीत कुठेच नव्हतं. पुरुष मुळातच असा असतो, असं म्हणणाऱ्यांना त्यातून शास्त्राचा आधार मिळाला आणि तो आजही सर्रास वापरला जातो.

या समजाला पहिला मोठा धक्का दिला रानातल्या पक्ष्यांनी. जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अनेक जातींच्या पक्ष्यांची रक्तातली मोजमापं एकत्र मांडली. नराचं टेस्टोस्टेरॉन वर्षभर सारखं नसतं. हद्दीसाठी किंवा मादीसाठी दुसरा नर आव्हान देतो तेव्हा ते उसळतं, आणि घरट्यात पिल्लांना भरवायची वेळ आली की खाली येतं. जो नर पिल्लांना भरवतच नाही, त्याच्यात ते विणीच्या हंगामात बराच काळ चढं राहतं. ‘आव्हानाचा सिद्धान्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मांडणीने बाणाला उलटी दिशाही दिली. संप्रेरक वागणं घडवतं हे खरंच, पण वागणं आणि परिस्थितीही संप्रेरक घडवतात.

हे वानरकुळातल्या आपल्या सख्ख्या नातेवाइकांत, म्हणजे कपींमध्ये, कसं तपासायचं? रानातल्या चिंपँझीला पकडून सुई टोचता येत नाही. युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानातल्या कन्यावारा भागात मार्टिन मुलर आणि रिचर्ड रँगम यांनी लघवीचा मार्ग धरला. लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या प्लास्टिकमध्ये झाडावरून पडणारी धार झेलायची, किंवा पानांवरचे थेंब टिपून घ्यायचे. चिकाटीचं काम. २००४ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते विंगफील्ड यांच्या मांडणीशी जुळणारं होतं. वरच्या दर्जाच्या नरांत टेस्टोस्टेरॉन जास्त होतं. माजावर आलेली मादी आधी व्यालेली असली, तर नरांत भांडणं वाढत आणि टेस्टोस्टेरॉनही वाढे. मादी अगदी तरुण, अजून एकदाही न व्यालेली असली, तर नर तिच्याशीही जुगत, पण तिच्यासाठी फारशी स्पर्धा नसे आणि संप्रेरकही चढत नसे. म्हणजे टेस्टोस्टेरॉनची ही उसळी समागमापेक्षा स्पर्धेशी बांधलेली आहे. कोंबड्यांच्या प्रयोगात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या.

चिंपँझीइतकाच आपल्या जवळचा नातेवाईक असलेला बोनोबो मात्र वेगळ्या वाटेने गेला. व्हिक्टोरिया वॉबर, ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या अभयारण्यांत दोन-दोन प्राण्यांसमोर खाऊ ठेवला आणि आधी व नंतर त्यांची लाळ तपासली. वाटून खाणं जमणार नाही अशी जोडी असली, की चिंपँझी नरांत टेस्टोस्टेरॉन चढे, तर बोनोबो नरांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. एकाच्या शरीराने सामना गृहीत धरला, दुसऱ्याच्या शरीराने ताण. रानातल्या बोनोबो नराचं नशीबही बरंचसं त्याच्या आईवर अवलंबून असतं. मार्टिन सुर्बेक यांच्या २०१९ च्या अभ्यासात, कळपात आई हयात असलेल्या नराला पिल्लं होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली.

ओरांगउटानची गोष्ट आणखी नवलाची. त्यांच्यात काही नरांच्या गालांवर रुंद गाद्या येतात, गळ्याची पिशवी फुगते, रानभर घुमणारी हाक येते. काही नर वयात येऊनही वर्षानुवर्षं तसे होतच नाहीत. मेलिसा एमरी थॉम्प्सन आणि शेरिल नॉट यांच्या २०१२ च्या अभ्यासात अशा रेंगाळलेल्या नरांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळलं. ते वांझ मात्र नसतात. सुमात्रातल्या केताम्बे इथल्या जनुकीय तपासणीत जवळपास निम्मी पिल्लं अशाच नरांची निघाली.

इथवर सगळं विंगफील्ड यांच्या चौकटीत कसंबसं बसतं. तराजूच्या एका पारड्यात स्पर्धा आणि दुसऱ्यात संगोपन; एक वर गेलं की दुसरं खाली. माणसांतले आकडेही याला दुजोरा देतात. फिलिपिन्समधल्या सेबू इथे ली गेटलर आणि ख्रिस्तोफर कुझावा यांनी ६२४ तरुणांना २००५ ते २००९ या काळात तपासलं. सुरुवातीला ज्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं ते बाप होण्याची शक्यता अधिक होती. बाप झाल्यावर ते लक्षणीय घटलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांना सांभाळणाऱ्यांत सर्वांत कमी होतं. टांझानियात मुलर यांनी शेजारी राहणाऱ्या दोन समाजांची तुलना केली. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाद्झांत बाप मुलांत रमतात. तिथे बापांचं टेस्टोस्टेरॉन इतर पुरुषांपेक्षा कमी. पशुपालक दातोगांत तान्ह्या मुलांची देखभाल बायकांकडे. तिथे हा फरकच नाही. नुसतं बाप होणं पुरत नाही, मूल हाती घ्यावं लागतं.

आणि मग पर्वतीय गोरिला समोर येतो.

नरापासून पिल्लाला धोका असतो, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. त्याची एक सुरुवात आपल्या शेजारचीच: १९६२ मध्ये धारवाडजवळ युकिमारू सुगियामा यांनी हनुमान लंगुरांच्या टोळीचा ताबा घेतलेल्या नराला पिल्लं मारताना पाहिलं. गोरिलांतही परका नर पिल्लू मारतो, हे डायन फॉसी यांनी नोंदवलं होतं. पण त्यांनीच १९६७ मध्ये रवांडातल्या विरुंगा पर्वतांत उभ्या केलेल्या करिसोके संशोधन केंद्राच्या परिसरात याच प्राण्याचं दुसरं रूप रोज दिसतं. दीडशे किलोंहून जड, रुपेरी पाठीचा नर दुपारी आडवा पडलेला असतो आणि पोरं त्याच्या अंगावर चढउतार करत असतात. तो त्यांची लव विंचरतो, कुशीत झोपू देतो. यातली सगळी पोरं त्याची नसतात, आणि आपली-परकी असा भेदही तो करताना दिसत नाही.

स्टेसी रोझेनबॉम, लिंडा व्हिजिलंट, कुझावा आणि तारा स्टॉइन्स्की यांनी अशा २३ नरांची वागणूक आणि १०९ पिल्लांचं पितृत्व ताडून पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: पिल्लांत सर्वाधिक रमणाऱ्या नरांची संतती सर्वांत कमी रमणाऱ्यांच्या सुमारे पाचपट होती. नराचा कळपातला दर्जा हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. पोरांना जवळ करणारा नर माद्यांना पसंत पडत असावा, हा त्याचा एक संभाव्य अर्थ. तसं असेल तर संगोपन हेच जोडीदार मिळवण्याचं साधन ठरतं, आणि तराजूची दोन पारडी वेगळी राहतच नाहीत.

या शोधाचं मोल फार मोठं आहे. गोरिला एकाच मादीशी बांधलेला नसतो आणि बहुतेकदा वर्चस्वासाठी लढतोही. तरीही तो पोरांचा असतो. मानवी बापपण हे एकनिष्ठ जोडप्यापासूनच सुरू झालं असणार, हा जुना तर्क त्यामुळे सैल पडतो. आयव्हरी कोस्टमधल्या ताई रानातले चिंपँझीही इथे आठवतात. ख्रिस्तोफ बोएश यांनी तिथे अनाथ पिल्लं दत्तक घेतल्याच्या १८ घटना नोंदवल्या. निम्म्या घटनांत सांभाळणारा नर होता, आणि त्या नरांपैकी खरा बाप एकच निघाला.

पुरुषाच्या शरीरातच पोर सांभाळणं नाही, असं कुणी टेस्टोस्टेरॉनचं नाव घेऊन सांगितलं, तर त्याला सेबूतले बाप आणि विरुंगातले गोरिला जरूर दाखवावेत. सध्या जगात पर्वतीय गोरिला हजाराहून थोडेच अधिक आहेत. ते विरुंगा पर्वतरांगेत आणि युगांडातल्या ब्विंडीच्या रानात राहतात, इतर कुठेही नाहीत.